गॅसगळती झाली तर वस्तीसाठीचा भोंगा वाजवायचा कोणी?

रात्रपाळी

नोकरीची बहुतेक वर्षं रासायनिक कारखान्यांत सुरक्षेच्या कामात गेली. आपत्कालीन आराखडे भरपूर वाचले, काही लिहिलेही. जाडजूड असतात. आधी प्रस्तावना, मग नकाशे, मग दूरध्वनी क्रमांकांचे तक्ते, त्यातले निम्मे अधिकारी बदलून गेलेले. मी मात्र आराखडा हातात आला की सरळ एकच ओळ शोधतो: कुंपणाबाहेरच्या वस्तीसाठीचा भोंगा वाजवायचा निर्णय कोणाचा? तिथे ‘वरिष्ठांशी विचारविनिमय करून’ असं लिहिलेलं असलं, की उरलेली पानं वाचली काय न वाचली काय, सारखंच.

कारण वेळेचा हिशोब बघा. वारा सेकंदाला दोन मीटर, म्हणजे पान हलेल न हलेल इतका मंद. तरी ढग आठ-साडेआठ मिनिटांत एक किलोमीटर गाठतो. एवढ्या वेळात शिफ्ट इनचार्जने मॅनेजरला उठवायचं, मॅनेजरने आणखी वरच्याला, त्यांनी ‘नक्की किती गळतंय ते बघा’ म्हणायचं! माणूस मास्क चढवून बघून येईपर्यंत पहिली वस्ती संपलेली असते.

भोपाळमध्ये १९८४ च्या २ डिसेंबरच्या रात्री ६१० क्रमांकाच्या टाकीतून सुमारे ४० टन मिथाइल आयसोसायनेट हे विषारी रसायन बाहेर पडलं. वस्तीसाठीचा भोंगा थोडा वेळ वाजवून बंद केला गेला. पुन्हा वाजला तोवर माणसं रस्त्यावर खोकत, आंधळ्यासारखी धावत होती, आणि बरीच जण वारा जिकडे चालला होता तिकडेच धावत होती. ओलं फडकं नाकातोंडावर धरा आणि वाऱ्याला आडवे चाला, इतकं जरी आधी कोणी सांगून ठेवलं असतं तरी फरक पडला असता. त्यानंतर पस्तीसेक वर्षांनी, ७ मे २०२० च्या पहाटे, विशाखापट्टणमला प्लास्टिकच्या कारखान्यातून स्टायरीन हे रसायन गळलं. तिथे सायरनची यंत्रणा होती, वाजवलीच गेली नाही. चौकशी समितीने तसं स्पष्ट नोंदवलंय.

माझं म्हणणं एवढंच. पाळीवर जो हजर आहे, त्याच्याच हातात भोंग्याचं बटण हवं. सेन्सरचा आकडा ठरलेल्या मर्यादेवर गेला किंवा गळती डोळ्यांना दिसली, की कोणालाही न विचारता वाजवायचा. आणि तो चुकीचा वाजला तरी त्याच्या नोकरीला धक्का लागणार नाही हे लेखी हवं. हे शेवटचं नसेल तर आधीच्या दोन्हींना अर्थ नाही. ज्याला मेमोची भीती आहे तो आधी फोनच करणार.

इतरांचे अनुभव आणि मतं वाचायला आवडतील. विरोधी असली तर जास्तच.

उंटावरचा शहाणा

घ्या विरोधी मत. कुठल्याही पाळीवाल्याला भोंगा वाजवू दिला तर महिन्याला एकदा वाजेल. तिसऱ्या वेळी लोक कूस बदलून झोपतील. लांडगा आला रे आला. शिवाय चेंगराचेंगरी, अपघात, अफवा यांचं काय? गॅसने दोन मेले आणि पळताना दहा, असं व्हायला नको. वरिष्ठांना विचारणं म्हणजे नुसती लाल फीत नसते, कधीकधी डोकं थंड असलेला माणूस लागतोच.

रात्रपाळी

डोकं थंड असलेला माणूस आराखडा लिहिताना लागतो हो शहाणे साहेब, भोंगा वाजवताना नाही. विचार आधी करून ठेवायचा म्हणूनच तर आराखडा.

घबराटीबद्दल. लोक वेडेवाकडे पळतात ते बहुतेक वेळा काहीच कळत नाही म्हणून. कॅनडातल्या मिसिसॉगाचं उदाहरण माझ्या आवडीचं आहे. १० नोव्हेंबर १९७९, मध्यरात्रीच्या सुमारास मालगाडी घसरली. प्रोपेनच्या टाक्या फुटून आगीचे लोळ, आणि त्याच ढिगाऱ्यात भोक पडलेला क्लोरीनचा टँकर. आधी जवळच्या वस्तीला हलवलं, मग वारा फिरत गेला तसतसे पुढचे भाग. एका दिवसात दोन लाखांवर माणसं बाहेर काढली, रुग्णालयांतल्या रुग्णांसकट. मृत्यू एकही नाही. त्यांच्याकडे आधीपासून आराखडा होता आणि पोलिसांना आपापलं काम माहीत होतं. गडबड झालीच नाही असं नाही, पण दोन लाख माणसं चेंगरली नाहीत.

निळी शाई

एक बाळबोध प्रश्न विचारते, हसू नका. भोंगा वाजला. आता मी घरात थांबायचं की बाहेर पडायचं? वरच्या दोन उदाहरणांत एकीकडे लोक पळाले म्हणून मेले, दुसरीकडे बाहेर काढले म्हणून वाचले.

टाचणी

+१. मलाही हेच विचारायचं होतं.

दशांश

बाळबोध नाही, सगळ्यांत कळीचा प्रश्न आहे. हिशोबानेच सांगतो, म्हणजे ‘घरात थांबा’ ही सरकारी टाळाटाळ वाटणार नाही.

खिडक्या-दारं लावलेल्या बऱ्यापैकी बंदिस्त घरात तासाभरात निम्मी हवा बदलते असं धरू. विषारी ढग अर्धा तास घरावरून गेला. अर्ध्या तासाच्या शेवटी घरातलं प्रमाण बाहेरच्या साधारण २२ टक्के होतं. पण सुरुवात शून्यापासून झालेली असते, म्हणून त्या अर्ध्या तासाची सरासरी काढली तर ती बाहेरच्या १२ टक्क्यांच्या आसपास येते. म्हणजे बाहेर उभ्या माणसाच्या आठव्या हिश्श्याइतका डोस. दाराखाली ओला टॉवेल, खिडकीच्या फटींना चिकटपट्टी, पंखे-एसी-एक्झॉस्ट बंद केले तर आणखी कमी.

आता तेच घर फटींचं, पत्र्याचं असेल आणि तासात दोनदा हवा बदलत असेल, तर सरासरी ३७ टक्क्यांवर जाते. तरीही रस्त्यावर धापा टाकत पळण्यापेक्षा बरंच, कारण पळताना माणूस कितीतरी जास्त हवा आत ओढतो.

मात्र यात एक मेख आहे, बहुतेक माहितीपत्रकं तिच्याबद्दल चकार शब्द काढत नाहीत. ढग पुढे गेला की बाहेरची हवा स्वच्छ होते, आतली मात्र नाही! आत शिरलेला वायू तितक्याच सावकाश बाहेर पडतो. म्हणजे जे घर आत्तापर्यंत वाचवत होतं तेच आता डोस देत राहतं. म्हणून ‘धोका टळला’ असं कळल्याबरोबर सगळ्या खिडक्या उघडून घराबाहेर यायचं. सुटकेचा इशारा भोंग्याइतकाच महत्त्वाचा आहे. आराखड्यात तो जवळजवळ कधीच नसतो.

गळती तासन्‌तास चालणार असेल तर हे गणित उलटतं. मग लवकर हलवणंच योग्य.

निळी शाई

वा! ‘सरासरी’ शाळा सुटल्यावर पहिल्यांदाच उपयोगाची वाटली. वरच्या मजल्यावर जायचं की तळमजल्यावर?

बंबवाला

ताई, क्लोरीन असेल तर वर. हवेच्या अडीच पट जड आहे, खालच्या भागात, गटारात, तळघरात साठतो. विषारी वायूंपैकी बरेचसे जडच असतात, त्यामुळे वरची आतली खोली हा सहसा बरा पर्याय. अमोनिया हवेपेक्षा हलका, पण दाबाखालून सुटला की गार धुक्यासारखा जमिनीलगतच पसरतो, त्यामुळे ‘हलका आहे, वर जाईल’ यावर विसंबू नका.

आणि दशांशरावांच्या गणिताला एक अपवाद जोडतो. एलपीजी. तिथे विषाचा नाही, ठिणगीचा प्रश्न असतो. ढग घराभोवती असताना दिव्याचं बटणसुद्धा दाबायचं नाही, चालू असेल ते चालू, बंद असेल ते बंद. आणि एलपीजीच्या टँकरखाली आग लागलेली दिसली तर घरात थांबणं नाही, निघायचं. उत्तर अमेरिकेतल्या अग्निशमन दलांच्या गाड्यांत जी मार्गदर्शिका असते ती अशा टँकरभोवती चहूबाजूंनी १,६०० मीटर मोकळे करा म्हणते. लोक पन्नास मीटरवरून व्हिडिओ काढतात.

आम्ही घटनास्थळी गेलो की पहिली गोष्ट काय करतो? पाण्याचा पाइप नाही, दुर्बीण. वाऱ्याच्या वरच्या अंगाला, म्हणजे वारा जिकडून येतो तिकडे, गाडी लांब उभी करायची आणि टँकरवरच्या फलकावरचा चार आकडी क्रमांक वाचायचा. १०१७ क्लोरीन, १००५ अमोनिया, १०७५ एलपीजी, १२०३ पेट्रोल. चार आकडे कळले की निम्मं काम झालं. मला फोन करणाऱ्याने ‘साहेब, टँकर उलटलाय, पिवळा धूर येतोय’ याऐवजी ते चार आकडे सांगितले तर मी त्याचे पाय धरीन. मात्र वाचायला जवळ जाऊ नका, मोबाइलचा कॅमेरा लांबूनच झूम होतो.

पाणी मारण्याचंही तसंच. अमोनियाच्या ढगावर, वाऱ्याच्या खालच्या अंगाला (वारा जातो तिकडे) फवाऱ्याचा पडदा धरला तर तो वायू शोषतो. पण तेच पाणी साचलेल्या द्रव अमोनियात ओतलं की तो उकळल्यासारखा उसळतो आणि ढग वाढतो. क्लोरीनच्या गळक्या जागेवर पाणी पडलं तर आम्ल तयार होऊन धातू खातं, भोक मोठं होतं. उत्साही मंडळी होज घेऊन पुढे येतात तेव्हा आधी त्यांना आवरावं लागतं.

आमच्यातलेही आवरत नाहीत कधीकधी. टेक्सासमधल्या वेस्ट गावात १७ एप्रिल २०१३ ला खताच्या गोदामाला आग लागली, आत अमोनियम नायट्रेट, त्याचा स्फोट झाला. १५ मेले, त्यातले १२ मदतीला धावलेले. शेजारी शाळा होत्या, वृद्धांचं शुश्रूषागृह होतं. आत काय आहे, ते तापलं तर काय होतं आणि किती मागे हटायचं, हे आधी बसून ठरलेलं नव्हतं.

उंटावरचा शहाणा

हे सगळं मान्य. पण कुठल्या गोदामात काय आणि किती आहे याच्या याद्या गावभर वाटल्या तर घातपात करणाऱ्यांना आयतं पक्वान्नाचं ताट. याचा विचार?

कलमकसाई

विचार झालेला आहे. भोपाळनंतर अमेरिकेत १९८६ साली कायदा आला, त्यानुसार ठिकठिकाणी स्थानिक आपत्कालीन नियोजन समित्या झाल्या. कारखान्याने साठ्याची माहिती त्यांना आणि अग्निशमन दलाला द्यायची, आणि सामान्य माणसालाही ती मागता येते. अपघाताच्या सर्वांत वाईट शक्यतेचे नकाशे मात्र ठरावीक वाचनकक्षांत जाऊनच बघता येतात. म्हणजे तुमची शंका त्यांनाही आली होती. त्यांनी माहिती दडपली नाही, थोडी मोजूनमापून दिली.

युरोपात याची सुरुवात इटलीतल्या सेवेसोपासून. १० जुलै १९७६ ला कारखान्यातून डायऑक्सिन या अतिविषारी रसायनाचा ढग सुटला आणि सर्वाधिक बाधित भागातली माणसं हलवायला दोन आठवडे लागले! तोवर लोक तिथेच राहत होते, जनावरं मरत होती. १९८२ मध्ये युरोपीय समुदायाचा निर्देश निघाला, पुढे दोनदा बदलला, आणि आजूबाजूच्या रहिवाशांनी न मागता त्यांना माहिती द्यायची हे तत्त्व त्यात पक्कं झालं.

भारतात १९८९ चे घातक रसायनांचे नियम आहेत. कुंपणाच्या आतला आराखडा कारखान्याने करायचा, बाहेरचा प्रशासनाने. आतल्याची रंगीत तालीम दर सहा महिन्यांनी, बाहेरच्याची वर्षातून एकदा तरी. १९९६ च्या नियमांनी जिल्हा आणि स्थानिक पातळीवर आपत्ती गट नेमले. कागदावर काहीही कमी नाही. कमी काय आहे ते तालमीला गेलेल्यांनी सांगावं.

रात्रपाळी

सांगतो. तालमीची तारीख आधी कळवलेली असते, वेळ कामकाजाची, ऊन स्वच्छ, वारा ठरलेला. रुग्णवाहिका वळणावर इंजिन चालू ठेवून उभी. ‘जखमी’ कामगार स्वतःच स्ट्रेचरवर चढतो, फोटो निघतात, अहवालात ‘प्रतिसाद समाधानकारक’. कुंपणाबाहेरचा एक माणूस त्यात नसतो.

आणि खरे अपघात कधी झाले? भोपाळ मध्यरात्र. विशाखापट्टणम पहाट. अमेरिकेत ग्रॅनिटव्हिलला ६ जानेवारी २००५ ला मालगाडीतून क्लोरीन गळला, नऊ मेले, तोही रात्री अडीचच्या पुढे. रात्री पाळीवर माणसं कमी, वरिष्ठ झोपलेले, आणि हवा स्थिर. दिवसा ऊन जमीन तापवतं, हवा वरखाली घुसळते, ढग विरतो. रात्री तो जमिनीला चिकटून लांबवर सरकतो. बंबवाले म्हणतात त्या मार्गदर्शिकेत म्हणूनच दिवसाची आणि रात्रीची अंतरं वेगळी दिलेली आहेत, आणि रात्रीची बरीच मोठी असू शकतात. तरी तालीम सकाळी अकराला.

एकदा पहाटे, न सांगता करून बघा. कोणाचा फोन उचलला जात नाही तेवढं कळलं तरी तालीम वसूल.

नाडीपरीक्षा

रुग्णालयाची बाजू. आमच्यापर्यंत सगळ्यांत उशिरा पोचते ती एकच माहिती: रसायन कोणतं. भोपाळच्या डॉक्टरांना त्या रात्री नक्की कशावर उपचार करतोय हे सांगणारं कोणी नव्हतं. म्हणून स्थानिक आराखड्यात परिसरातल्या प्रत्येक मोठ्या साठ्यासाठी एक पान रुग्णालयात आधीच ठेवलेलं असावं: लक्षणं, करायचे उपचार, करू नयेत ते उपचार.

दुसरं, रुग्ण रुग्णवाहिकेतून ओळीने येतील ही कल्पना डोक्यातून काढा. टोकियोच्या भुयारी रेल्वेत २० मार्च १९९५ ला सरीन हे मज्जासंस्थेवर हल्ला करणारं विष सोडलं गेलं तेव्हा बहुसंख्य रुग्ण स्वतःच्या पायाने, टॅक्सीने, मिळेल त्या वाहनाने आले. त्यांच्या कपड्यांतून निघालेल्या वाफेने डॉक्टर-नर्सनाही त्रास झाला. अंगावर काही उडालं असेल तर कपडे दाराबाहेरच काढायचे, डोक्यावरून ओढून नव्हे, कापून. मग भरपूर पाणी. बरंचसं रसायन कपड्यांबरोबरच जातं. त्यासाठी रुग्णालयाच्या दाराबाहेर नळ, आडोसा आणि बदलायला कपडे हवेत. आडोसा नसला तर माणसं, विशेषतः बायका, कपडे काढायला तयार होत नाहीत आणि थेट आत शिरतात. आराखडा करणाऱ्यांच्या बैठकीत हे कोणाच्या लक्षात आलेलं मी पाहिलेलं नाही.

खडूफळा

शाळेचं काय करायचं हो? आमच्या बैठकीत ‘पालकांना तात्काळ कळवून मुलं ताब्यात द्यावीत’ असं ठरलंय. मला ते पटत नाही, पण विरोध कसा करू कळेना.

दशांश

सर, अजिबात पटू देऊ नका. शेकडो पालक त्याच ढगातून दुचाकी काढून येणार, फाटकाशी कोंडी, बंबाला वाट नाही, आणि मुलं सुरक्षित खोलीतून काढून थेट ढगात. मुलं वर्गातच, खिडक्या बंद, वरच्या मजल्यावर. पालकांना वर्षाच्या सुरुवातीलाच लेखी कळवा: ‘भोंगा वाजला तर शाळेत येऊ नका, सुटकेच्या इशाऱ्यानंतर अमुक ठिकाणी मुलं मिळतील.’ आयत्या वेळी सांगून कोणी ऐकत नाही.

खडूफळा

हे छापून पुढच्या बैठकीत ठेवतो. आभार.

आडवाटे

माझ्या आईला ऐकू येत नाही. तुमचा भोंगा शिफ्ट इनचार्जने वाजवला काय आणि कलेक्टरने वाजवला काय, तिच्या लेखी दोन्ही सारखेच. शेजारचे काका रात्री यंत्र काढून झोपतात. एकटे राहणारे, अंथरुणाला खिळलेले, ऑक्सिजनवर असलेले, यांची यादी कोणाकडे असते?

रात्रपाळी

बहुतेक ठिकाणी कोणाकडेच नसते. असली तर आरोग्य केंद्रात, आणि ती आराखड्यात येत नाही. गल्लीनिहाय दोन-दोन शेजारी नेमून ठेवणं हाच चालण्यासारखा मार्ग मी पाहिलाय. मात्र त्यांचं काम दार ठोठावून, खिडक्या लावून त्याच घरात थांबणं, दहा घरं फिरणं नव्हे.

मोबाइलवरचा सेल ब्रॉडकास्ट इशारा याला चांगली जोड आहे. टॉवरच्या टापूतल्या सगळ्या फोनवर एकदम येतो, क्रमांकांची यादी लागत नाही, नेटवर्क तुंबलं तरी पोचतो, फोन थरथरतो. भारतात २०२३ मध्ये त्याच्या चाचण्या झाल्या, तेव्हा बऱ्याच जणांचे फोन किंचाळले असतील. पण एकट्या फोनवर भिस्त नको, रात्री कितीतरी फोन बंद असतात.

उंटावरचा शहाणा

एवढं सगळं वाचून थोडा खाली उतरलो आहे. पाळीवाल्याच्या हातात बटण, ठीक. पण लांडग्याचा प्रश्न राहिलाच. खोटा वाजला तर?

कलमकसाई

नेदरलँड्समध्ये दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी दुपारी बाराला देशभर सायरनची चाचणी होते. सगळ्यांना ती वेळ पाठ आहे. त्यामुळे इतर कुठल्याही वेळी वाजला की लोकांना कळतं की हा खरा, आत जायचं, दारं-खिडक्या लावायच्या, बातम्या ऐकायच्या. भोंगा वारंवार वाजल्याने किंमत जात नाही, कधी आणि का वाजला ते न सांगितल्याने जाते. चुकून वाजलाच तर तासाभरात कारण जाहीर करा, लोक समजून घेतात.

बंबवाला

चाचणीचा दुसरा फायदा म्हणजे कुठला भोंगा गंजलाय ते महिन्याभरात कळतं. आणि त्याला स्वतंत्र बॅटरी आहे ना ते बघा. गळती झाली की कारखान्याची वीज पहिली तोडतात, भोंगा त्याच लाइनवर असतो.

निळी शाई

शेवटचं विचारते. सुटकेचा इशारा कसा ओळखायचा? भोंगा पुन्हा वाजला तर मी घाबरून आणखी चिकटपट्ट्या लावीन.

दशांश

बऱ्याच ठिकाणी धोक्याचा भोंगा चढउताराचा आणि सुटकेचा एकसलग असतो, पण सगळीकडे सारखं नाही, त्यामुळे तुमच्या भागातलं विचारून घ्या. सुटकेचा इशारा देण्याचा अधिकार मात्र पाळीवाल्याला नको. तिथे मोजमाप करूनच बोलायचं, वस्तीत चार-पाच ठिकाणी गॅस डिटेक्टर फिरवून. तिथे वरिष्ठांना विचारायला माझी ना नाही.

रात्रपाळी

त्यात एक जोडा: मोजमाप वाऱ्याच्या खालच्या अंगाच्या तळघरांत आणि गटारांच्या झाकणांपाशी आधी, मग बाकीकडे.